ओया-सानांच्या गाडीचे सांधे

सेंदाईला आम्ही राहतो त्या घराच्या मालकीणबाई खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. इथे घरमालकाला सहसा नावाने हाक मारत नाहीत, 'ओया-सान' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने बारीक, बोलणं मोजकं. आम्ही राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे यजमान गेले होते.

त्या मला 'ओकु-सान' म्हणायच्या. म्हणजे अमक्यांच्या मिसेस. त्यात चूक काही नव्हती. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं, म्हणून मी आले होते. पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते, पण माझं प्रमाणपत्र इथे चालत नव्हतं. सकाळी नवरा सबवेने गेला की मी जपानीची पुस्तकं उघडून बसायची आणि दुपारी सायकल काढून भाजी आणायला जायची. हातांना काम नव्हतं. ते मला पुस्तकापेक्षा जास्त जड जायचं.

पहिल्याच पानगळीत एकदा मी जिन्यावरून पाहिलं, ओया-सान एकाच हाताने कपडे वाळत घालत होत्या. दुसरा हात छातीच्या वर जातच नव्हता. मी खाली उतरले आणि येत होतं तेवढ्या जपानीत विचारलं, "खांदा दुखतो का?"

"वय झालं," त्या म्हणाल्या.

"वय नाही. खांदा आखडलाय. मी बघू का?"

त्यांनी थोडा विचार केला आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. मग हिवाळाभर दुपारचं आमचं ते ठरूनच गेलं. मी त्यांचा दंड धरून सावकाश फिरवायची, त्या डोळे मिटून सोसायच्या. दुखलं की फक्त श्वास आत ओढायच्या. बर्फ वितळायला लागला तेव्हा त्यांचा हात कपड्यांच्या दांडीपर्यंत पोहोचला. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या दाराच्या कडीला पिशवीत दोन भलेमोठे मुळे टांगलेले सापडले.

अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड होती आणि तिच्यात त्यांच्या यजमानांची गाडी. जुनी विलायती गाडी, गोल दिव्यांची, हिरवी, वर पांढरं छप्पर. शेजारी आपली फियाट उभी केली तर तीही ऐसपैस वाटावी एवढीशी. यजमान गेल्यावर ओया-सान अधूनमधून ती बाजारापर्यंत चालवायच्या. वसंत ऋतूत तिची शाकेन आली. शाकेन म्हणजे सरकारी नियमाप्रमाणे गाडीची करावी लागणारी तपासणी. ती झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याने गाडी बघितली आणि सांगितलं, पुढच्या दोन्ही चाकांचे बॉल जॉइंट झिजलेत, अशी पास होणार नाही. चाक वळतं ते त्या जोडावर. खुब्यात जसा हाडाचा गोळा वाटीत बसतो, तसा लोखंडाचा गोळा लोखंडाच्या वाटीत बसवलेला असतो. गॅरेजवाल्याकडे त्या दिवसांत हिवाळ्यातली, बर्फावर चालणारी टायरं काढून साधी बसवून घेणाऱ्यांची रीघ होती. जुन्या गाडीचं वेळखाऊ काम तो तपासणीच्या मुदतीआधी घेऊ शकत नव्हता. "मोडीत काढलीत तरी हरकत नाही," असं तो सौम्यपणे म्हणाला, हे ओया-सानांनी मला नंतर सांगितलं.

त्या दिवशी त्या प्रथमच जिना चढून आमच्याकडे आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सुटे भाग घरात आहेत. त्यांनी मागवून ठेवले होते. मग आजारी पडले."

मी त्यांना आत बोलावलं.

"कशानंतर काय करायचं ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ते गाडीखाली असले की टॉर्च मीच धरायचे. हात मात्र तुमचे लागतील."

मी आयुष्यात स्कूटरचं चाकसुद्धा बदललं नव्हतं. तरी मी हो म्हटलं. कुणी माझे हात मागून किती दिवस झाले होते.

शनिवारी सकाळी आम्ही शेड उघडली. नवऱ्याने विचारलं, "मी येऊ का मदतीला?" ओया-सान कमरेत वाकून म्हणाल्या, जागा फार लहान आहे. तो हसत वर पोहे करायला गेला.

त्या खरंच सगळं क्रमाने सांगत होत्या. आधी मागच्या चाकांना ठोकळे लावा. मग जॅक. मग खाली लोखंडी स्टँड, नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही. मग चाक. वस्तूंची नावं त्यांना येत नव्हती, मला तर नव्हतीच. "तो लांब पाना. नाही, ज्याला निळी पट्टी आहे तो," असं चाललं होतं. कुठे पाना लावताना यजमान कण्हायचे आणि कुठे शिवी द्यायचे, तेही त्यांना पाठ होतं. "इथे ते चिडायचे," असं त्यांनी म्हटलं की मी समजायची, हा नट सहज सुटणार नाही.

आणि तो सुटला नाहीच. खालच्या जोडाचा मोठा नट गंजून एकजीव झाला होता. मी त्यावर तेल सोडलं, पान्याला लोखंडी नळी अडकवून लांब केलं, पाय भिंतीला टेकवून ओढलं. पाना सटकला आणि माझी बोटं लोखंडावर आपटली. मी मराठीतच ओरडले. ओया-सान घरात जाऊन थंड पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन आल्या, माझी बोटं त्यात गुंडाळून तशाच धरून बसल्या आणि पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. नीट उच्चार झाला नाही, पण नाव माझंच होतं.

"आज राहू दे," त्या म्हणाल्या.

"तेल मुरू दे," मी म्हटलं. "आपण जेवून घेऊ."

पोहे त्यांना आवडले. लिंबू त्यांनी दोनदा मागून घेतलं. परत येऊन पाना लावला, तर नट कुरकुरला आणि फिरला.

आतून निघालेला जुना गोळा एका बाजूने चपटा झाला होता. ओया-सानांनी तो तळहातावर घेतला, फडक्याने पुसला आणि खिडकीत ठेवला. मग नवा गोळा बसवायची पाळी आली, आणि तिथे त्यांची माहिती संपली. नटाखाली कागदासारख्या पातळ चकत्या घालायच्या असतात. चकती काढली की जोड आवळतो, घातली की सैल होतो. किती घालायच्या ते दरवेळी हाताने बघून ठरवायचं. "इथे ते काही बोलायचेच नाहीत," त्या म्हणाल्या. "नुसते हलवून बघत बसायचे."

मी नट आवळला आणि गोळ्यातून बाहेर आलेला दांडा धरून हलवला. खट खट वाजला, म्हणजे सैल. एक चकती काढली. आता हलेचना. मग जरा पातळ चकती घालून पाहिली. डोळे मिटून दांडा चहूबाजूंनी फिरवला, तेव्हा तो थोडा विरोध करत, पण न अडता फिरला. हे मला ओळखीचं होतं. माणसाचा सांधा निरोगी असतो तेव्हा हाताला नेमकं हेच लागतं. गुडघे, खांदे, मनगटं, पुण्यातले कितीतरी पेशंट त्या क्षणी आठवले. माझं शिक्षण मी विमानतळावर मागे सोडून आले असं मला वाटत होतं. ते इथे, ग्रीसने माखलेल्या हातात होतं.

"झालं?" ओया-सानांनी विचारलं.

"झालं. तुम्ही बघा."

त्यांनी टॉर्च खाली ठेवला, दांडा धरला आणि फिरवून पाहिला. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूचं मी करू का?"

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. त्या पुढे म्हणाल्या, "मी कधीच पाना धरला नाही. त्यांना वाटायचं मला लागेल."

रविवारी टॉर्च मी धरला. त्या जुन्या शर्टाच्या बाह्या दुमडून, गुडघ्याखाली उशी घेऊन बसल्या. खांद्याला जोर पडेल तिथे मी त्यांना थांबवायची आणि दोघी मिळून ओढायचो. बाकी सगळं त्यांनी केलं. चकत्यांपाशी आल्यावर मी फक्त टॉर्च जवळ नेला. त्यांनी एक घातली, काढली, दुसरी घातली. माझ्यापेक्षा दुप्पट वेळ लावला. ग्रीस भरलं, नट पुन्हा सैल होऊ नये म्हणून त्याच्याखालच्या पत्र्याची कड ठोकून वर वळवली, चाक चढवलं आणि तशाच जमिनीवर बसून राहिल्या. गालावर ग्रीसचा फराटा होता. त्या हसत होत्या, आणि इतकं मोकळं हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

गॅरेजवाल्याने गाडी वर उचलली, दोन्ही चाकं वरखाली धरून हलवली. उजवीकडचा एक नट त्याने थोडा आणखी आवळला. तो मी लावलेला होता. डावीकडे काही करायला लागलं नाही. "ही बाजू कुणी केली?" त्याने विचारलं. ओया-सानांनी बोट स्वतःच्या नाकाकडे नेलं. इथे 'मी' म्हणताना तसंच करतात. त्याने टोपी काढली.

शाकेन पास झाली. आठवड्याभरात त्याच गॅरेजवाल्याच्या बायकोचा फोन आला. ती म्हाताऱ्या माणसांच्या डे सेंटरमध्ये काम करते. तिथे व्यायाम करून घ्यायला मदतनीस हवी होती, प्रमाणपत्राची अट नव्हती, आणि ओया-सानांनी तिला माझ्याबद्दल भरपूर सांगितलं होतं. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणाऱ्या बाईंना माझ्यासाठी किती बोलावं लागलं असेल, याचा मी अजून विचार करते. आता मी आठवड्यातून चार दिवस तिथे जाते.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "परक्या देशात तुला माणूस मिळालं गं."

खरं आहे. मागच्या रविवारी ओया-सान मला घेऊन समुद्रापर्यंत गेल्या. गाडी चढावर घुरघुरत होती, पण वळणावर मुळीच वाजली नाही. इथलं लायसन्स मी नुकतंच काढलं होतं. परतताना त्यांनी धक्क्यावर गाडी थांबवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या. घरी पोहोचेपर्यंत त्या गाढ झोपलेल्या होत्या.