साहेबांच्या जेवणघरातला मेलेला ससा

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्यात मी ॲडमिनला होते. सांगलीहून चेन्नईला येऊन बरीच वर्षं झाली होती, तमीळ कामापुरतं येत होतं. आमचे प्लँट हेड पुण्याचे. परदेशी पाहुण्यांना जेवायला घालायची वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी सजवायला काढली. युरोपातल्या कुठल्याशा हॉटेलात पाहिली तशी चित्रं भिंतींवर हवीत, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. तीही छापील नकोत, हाताने रंगवलेलीच हवीत.

शोधाशोध करून मी एक चित्रकार बाई गाठली. एन्नोरला राहायची, माझ्याच वयाची, रीतसर कला शिकलेली. जुन्या युरोपीय चित्रांच्या नकला हॉटेलांना करून द्यायची. तिच्या घरी गेले तर सगळ्या खिडक्या बंद. उघड्या ठेवल्या की जवळच्या वीजकेंद्राची राख ओल्या रंगावर बसते, म्हणाली. मग तिने एकेका कॅनव्हासवरचं कापड काढलं.

बरोक काळातली, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपातली, मांडलेली जेवणं होती ती. अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलाखाली लोंबतेय. शेंबडासारखी चकाकणारी उघडी कालवं. मांसाचा ओला गुलाबी काप. आणि कडेला मागच्या पायाने टांगलेला ससा, नाकाशी रक्ताचा थेंब. मी मासे-मटण खाणाऱ्या घरातली, तरी किळस आली. तिला तसं सांगितलं तर ती खूश झाली. हे नुसतं पोटभर जेवण नाही, म्हणाली. एवढं मांडलंय ते उद्या कुजणार आहे, हे बघणाऱ्याला कळायला हवं. म्हणून मूळ चित्रकाराने एका पीचवर माशी बसवली होती, आणि तिनेही ती तशीच बसवली होती.

चित्रं लागली त्या दिवशी प्लँट हेड पाहायला आले. ससा त्यांना आवडला, रॉयल वाटला. कालवंही चालली. माशी दिसल्यावर मात्र चेहरा वाकडा झाला. जेवायच्या खोलीत माशी दिसली तर पाहुणे काय म्हणतील, असं म्हणून त्यांनी ती पुसून टाकायला सांगितलं. बाई समजावू लागली तेव्हा ते मोबाइल बघत होते. शेवटी खुर्चीवर चढून तिने माशीवर रंग फिरवला. जाताना जिन्यात मला म्हणाली, "आता तुमच्या साहेबांना हवं तसं झालं. फक्त खा खा."

त्यानंतर काही आठवड्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, असेंब्ली लाइनवरची एक कंत्राटी बाई ताट घेऊन थेट माझ्या टेबलाशी आली. मी तिला अक्का म्हणायचे. एरवी ती कधी ऑफिसात पाऊल टाकत नसे. ताटात सांबारभात होता आणि भातात पांढऱ्या अळ्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या शिजलेल्या, फुगलेल्या. कँटीनवाल्याच्या माणसाने तिला बाजूला काढून खा म्हणून सांगितलं होतं.

"तुम्ही खाल का हे?" तिने विचारलं.

मी ताट उचललं आणि वर गेले. ती माझ्या मागोमाग आली. वर प्लँट हेड जेवत होते आणि त्यांच्यासमोर कँटीनचा ठेकेदारच बसला होता. वरचं जेवण बाहेरून यायचं. ठेकेदार तळलेला वंजिरम, म्हणजे आपली सुरमई, खात होता आणि काटे काढून बोटं चाटत होता. मी म्हटलं, "सर, आज खाली हे वाढलंय."

त्यांनी नाकाला रुमाल लावला. "अगं, एवढ्या मोठ्या स्वयंपाकात एखादी अळी निघतेच. काढून टाकायची आणि खायचं. आणि हे इथे कशाला आणलंस? उद्या याच टेबलावर पाहुणे बसायचेत."

ठेकेदाराने मान वर केली, ताटाकडे पाहिलं आणि पुन्हा माशात बोटं घातली. ती तेलकट बोटं, तो रुमाल, मागे लोंबणारा तो ससा! मला ओकारी येईल असं वाटलं, आणि ती अळ्यांमुळे नव्हती.

अक्काला मराठी येत नव्हती, पण रुमाल कळला. तिने माझ्या हातातलं ताट घेतलं, पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेकेदाराच्या पुढ्यात ठेवलं आणि खाली गेली.

सुट्टी संपली तरी लाइन सुरू झाली नाही. बायका कँटीनमध्ये भरल्या ताटांपुढे हात न लावता बसून होत्या. आधी सुपरवायझर ओरडून गेला, मग एचआरवाले गोड बोलून गेले. संध्याकाळी ठेकेदार बदलायचं कबूल झालं तेव्हाच त्या उठल्या.

नवा ठेकेदार आला, जेवण सुधारलं. पुढच्या पाहुण्यांना प्लँट हेडनी ते कँटीन स्वतः फिरून दाखवलं आणि आमची माणसं हेच आमचं कुटुंब, असं सांगितलं. मी शेजारी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. अक्काचा गेटपास त्याआधीच बंद झाला होता. काम कमी आहे, असं तिला सांगितलं म्हणे, आणि तिच्या जागी लगेच दुसरी बाई आली होती. मी विचारायला गेले, तर ते कामगार पुरवणारा कंत्राटदार बघतो, असं उत्तर मिळालं.

काही महिन्यांत मी चेन्नईतच नुंगंबाक्कमला दुसरी नोकरी धरली. अक्का त्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात लागली आहे, अधूनमधून फोन करते. तिथलं कँटीन कसं आहे, असं मी मागे एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी आत स्वयंपाकघरात जाऊन भांडी बघून आले.