शिळ्या पाण्याची टाकी

माझ्या दोन्ही बाळांनो,

काल फोनवर तुम्ही टाकी दाखवायला सांगितलीत, म्हणून मी फोन तिकडे वळवला. धाकट्यानं विचारलं, "आजी, अजून फिश नाहीत?" मी उत्तर देण्याआधीच तुमचे बाबा मागून हसत म्हणाले, "आत्याआजीनं टाकीची वाट लावली ना, म्हणून तर आपण लवकर निघालो." मग चित्र थांबलं, आवाज गेला आणि माझं उत्तर माझ्यापाशीच राहिलं.

ते उत्तर आज लिहिते. आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. त्या करमाळ्याकडच्या गावी राहतात. त्यांना व्हिडिओ कॉल करता येत नाही आणि तुमच्या घरात त्यांच्याविषयी काय बोललं जातं ते त्यांच्या कानावर जात नाही. माझ्या कानावर जातं. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे तुमच्या बाबांनाच वाचून दाखवावं लागेल. मोठ्यानं आणि काही न गाळता. त्याला माझा इलाज नाही.

तुम्ही लवकर निघालात त्याच्या आधीच्या खेपेला आलात तेव्हा थोरली झोपाळ्यावर बसून म्हणाली होती, "इथे करायचं काय असतं?" प्रश्न चुकीचा नव्हता. घरात स्ट्रायकर हरवलेला एक कॅरम होता आणि आम्ही दोघं होतो. पुढे एकदा फोनवर तुम्ही वर्गातल्या माशांविषयी बोलत होतात, त्यांना खाऊ घालण्याची पाळी कुणाची यावरून भांडत होतात. तेवढ्यावरून मी ठरवलं. हिवाळ्याच्या सुट्टीत तुम्ही पंधरा दिवस येणार होतात. एवढे दिवस तुम्हाला इथे थांबावंसं वाटेल असं काहीतरी या घरात हवं होतं.

आपल्या सोलापूरच्या भवानी पेठेत यंत्रमाग चालवणाऱ्या एका घरातून मी टाकी आणली. मुलगे हैदराबादला गेले, टाकी धूळ खात पडली. त्या घरच्या बाईंनी तेलुगूत सुनेला हाक मारून ती बाहेर काढायला लावली आणि मला म्हणाल्या, "साबणाच्या चुऱ्यानं चकाचक केलाय की. नवीन घेतल्यासारखं वाटतंय बघा." तोंडानं मी छान म्हटलं. माशांच्या टाकीला साबण लावायचा नसतो, हे मी आधीच वाचलं होतं. इंग्रजी शाळेत शिकल्याचा माझ्यावर एक परिणाम झाला आहे. कुठलीही सूचना हाती आली की ती मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि तशीच पाळते.

घरी आणल्यावर टाकी पुन्हा पुन्हा नुसत्या पाण्यानं धुतली. काचेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, तो लिंबाच्या फोडी घासून काढला. मग अंगणात वर्तमानपत्रं पसरून टाकी त्यांवर ठेवली आणि काठोकाठ भरली. सकाळी एका कोपऱ्याखालचा कागद ओला होता. तिथलं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून नवं भरलं. ते वाळेपर्यंत ओसरीवर व्हिनेगरसारखा वास होता आणि आजोबा नाकाला रुमाल लावून पेपर वाचत होते.

टाकी शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर ठेवायची ठरली. खाली थर्माकोल घातलं. आजोबांची सारी नोकरी रेल्वेत, होटगी स्टेशनवर झाली. टेबल सपाट आहे की नाही हे बघताना ते असे वाकले की जणू त्यावरून मालगाडीच जायची आहे. "पाव बोट कलतंय," म्हणाले आणि पायाखाली पुठ्ठा सरकवला. मग खडी, पंप, स्पंजचा फिल्टर आणि दुकानातून आणलेलं रुंद पानांचं एक झाड. सगळं जागेवर बसलं.

आता खरं काम होतं ते थांबण्याचं. ते तुम्हाला समजावून सांगते. नव्या पाण्यात मासे लगेच सोडले तर त्यांच्याच घाणीचं विष होतं आणि ते मरतात. ते विष खाणारे बारीक जीव असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. स्पंजवर, खडीवर हळूहळू वस्ती करतात आणि त्याला काही आठवडे लागतात. तोवर त्यांना खायला मिळावं म्हणून रिकाम्या टाकीत माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहायची आणि ती कुजू द्यायची. पाणी नळाचं असेल तर बादलीत उघडं ठेवून त्यातलं क्लोरीन उडू द्यायचं, नाहीतर ते जीवच मरतात.

रोज सकाळी मी चिमूट टाकायची आणि आजोबा चहा पीत बघायचे. एकदा म्हणाले, "मासे नाहीत आणि जेवण वाढतेस? यायच्या आधीच श्राद्ध घालतेस की काय?"

"येणाऱ्यांची तयारी आहे ती," मी म्हटलं.

"तुझे येणारे आले म्हणजे झालं," ते म्हणाले.

पाणी तपासायला एक छोटी बाटली आणली होती. नळीत पाणी घेऊन तिच्यातले थेंब टाकायचे. हिरवा रंग म्हणजे विष आहे, पिवळा म्हणजे नाही. कितीतरी दिवस ते गडद हिरवं येत होतं. मग फिकट झालं. तुमच्या येण्याला थोडेच दिवस उरले असताना ते पहिल्यांदा पिवळसर आलं, तेव्हा मी नळी उजेडात धरून आजोबांना दाखवली. आमचा हिशोब बरोबर जमत होता.

त्याच आठवड्यात वन्सं, म्हणजे तुमची आत्याआजी, आल्या. तुम्ही येणार म्हणून घर आवरायला, लाडू करायला. मला एका लग्नाला अक्कलकोटला जावं लागलं आणि मी मुक्काम करून परतले. दारात वन्सं पदराला हात पुसत उभ्या. चेहरा असा की बक्षीसच मिळणार.

"वैनी, बघा तरी. समदं पानी काढलं. लई शिळं हुतं की, वास मारत हुतं. काल नळाला पानी आलं, ताजं भरलं. खडी सोड्यानं धुऊन गच्चीवर वाळवली. त्यो स्पंज तर इतका घान, उकळत्या पान्यात टाकला. पोरं यायची अन् तुमी असलं पानी ठिवलं व्हय?"

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं. ते आलं की पिंप, हंडे, कळशा, सगळ्यांतलं उरलेलं पाणी झाडांना घालायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. शिळं पाणी घरात ठेवणारी बाई आळशी. मीसुद्धा जन्मभर तेच केलं आहे. वन्संनी माझी टाकी त्याच मायेनं रिकामी केली. आजोबा घरातच होते. विचारलं तर म्हणाले, "ती एवढी घासत होती, मला वाटलं तूच सांगून गेलीस."

टाकीतलं पाणी आरशासारखं चमकत होतं आणि त्यात काहीही जिवंत नव्हतं. मी वन्संना रागावले नाही. समजावून सांगितलं. त्यांना ते अदृश्य जीवांचं किती कळलं कोण जाणे, पण नुकसान झालं एवढं कळलं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता वं? आता पोरास्नी काय दावायचं?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तुम्ही आलात त्या सकाळी नळीतला रंग गडद हिरवा होता.

धाकट्यानं चपला न काढताच टाकीला नाक लावलं. "मासे कुठायत?" मी म्हटलं, अजून पाणी तयार नाही, आपण रोज मिळून रंग बघू, पिवळा आला की दुकानात जाऊ, मासे तुम्हीच निवडायचे. थोरलीला ते आवडलं. तिनं स्वतः थेंब मोजून टाकले. पण तुमचे बाबा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "आई, टाक ना चार मासे. मेले तर आम्ही गेल्यावर मरतील. त्यांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय," मी म्हटलं.

"तू पण ना, कसलाही नियम करून बसतेस."

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की मुलं कंटाळलीत, टाकीपण रिकामीच आहे, तर उद्या पुण्याला तुमच्या आईच्या माहेरी, नानीकडे जावं म्हणतो. तिथे सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. वन्सं पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. तेवढ्यात थोरली सहजपणे म्हणाली, "उद्याच होतं ना आपलं? नानीनं माझा स्विमसूट कधीच आणून ठेवलाय. बाबांनी तिकीट तिकडे घरी असतानाच काढलं होतं."

बाळा, तू काही चूक केली नाहीस. तू खरं तेच बोललीस. तुमच्या आईनं ताटात बघितलं. बाबा म्हणाले, "ते तसं टेन्टेटिव्ह होतं." आजोबांनी ताक मागितलं. मी ते वाढलं.

पंधरा दिवसांच्या तयारीला तीन दिवस मिळणार होते, हे मी खडी धुवायच्या आधीच ठरलेलं होतं. टाकीत मासे असते, अगदी सोन्याचे असते, तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी निघाला असतात. मला दुःख त्याचं आहे की मला ते कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तीन दिवसांचं काहीतरी केलं असतं. आणि राग याचा आहे की गेल्यावर दोष द्यायला माझी नणंद सापडली, कारण ती ऐकायला येत नाही.

तुमची गाडी वळणावरून गेल्यावर वन्सं ओसरीवर रडल्या. "माज्यामुळं गेली पोरं." मी त्यांना तिकिटाचं सांगितलं. जेवताना त्या धक्क्यात थोरलीचं बोलणं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"म्हंजी पानी शिळं असतं तरी गेलीच असती?"

"हो."

"मग बरं झालं, वैनी. मासं उगंच येऊन बसलं असतं वाट बघत."

गावी परतायच्या आधी त्यांनी मोरीतून एक जुना डबा आणून माझ्यापुढे ठेवला. टाकी रिकामी करताना झाड त्यांनी, मला वाटलं होतं तसं, फेकलं नव्हतं. डब्यात त्याच शिळ्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं आणि मग पोरांच्या गडबडीत विसरून गेल्या होत्या. "जित्तं झाड हाय, मूळ उगडं कसं टाकू?" म्हणाल्या. डब्याच्या कडेला राईएवढ्या गोगलगायी चढत होत्या. झाडाबरोबर अंडी आली असावीत.

ते झाड मी टाकीत लावलं. नळाला पाणी आलं की एक बादली उघडी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं टाकीत घालते. नळीतला रंग आता बरेच महिने पिवळा आहे. आजोबा कधीतरी विचारतात, मासे आणायचे का? मी नको म्हणते, उगंच वाट बघत बसतील.

टाकी गळत नाही. पंप चालू आहे. मासे नाहीत. वन्संनी वाचवलेलं झाड जिवंत आहे आणि त्याच्या पानांवर गोगलगायी आहेत.