बाल्तायाची बोली

बाल्ताया मूळची हमातची. अरंतू नदीच्या काठी तिचा बाप विटा पाडायचा, त्यामुळे चालता येऊ लागल्यापासून पोरीचे पाय चिखलातच. सासर मात्र घोड्यांचं मिळालं. नवरा जब्दी राजाच्या पागेतला स्वार. दिसायला देखणा, बोलायला फटकळ. लग्नाचं नवेपण पुरतं सरलं नव्हतं, मांडीवर पहिला मुलगा होता, आणि हमातच्या राजाने अश्शूरला खंडणी देणं बंद केलं. कुणाच्या जिवावर, ते बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी लोकांनी ढोल बडवले. बाल्तायाही त्या गर्दीत पोराला कडेवर घेऊन नाचली.

करकरच्या मैदानात लढाई झाली, ती संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही. मग शहर पेटलं. कच्च्या विटांच्या भिंती आगीत लाल झाल्या आणि तिचा बाप त्यातल्याच एका भिंतीखाली गेला. "माझ्या बापाच्या विटा शेवटी भाजून निघाल्या," असं ती पुढे कधीकधी म्हणायची. ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही.

जिंकणाऱ्यांनी माणसं धान्यासारखी निवडली. सुतार, लोहार एकीकडे, बायकामुलं एकीकडे, स्वार एकीकडे. स्वारांना मारलं नाही. कालपरवा ज्यांच्यावर भाले रोखले होते त्यांच्याच रांगेत जब्दीला घोड्यासकट उभं केलं. घोडा तोच, झूल नवी.

बाकीच्यांना पूर्वेकडे चालवत नेलं. वाटेत कुणी हात उगारला नाही, हेच बाल्तायाला सगळ्यात जास्त खुपायचं. भाकरी वेळेवर मिळे, अंगाला लावायला तेल मिळे, चपला फाटल्या तर दुसऱ्या देत. ज्यांनी घर जाळलं तेच वाकून विचारत, पायाला फोड आलेत का. कामाची माणसं जिवंत पोचायला हवी होती. तिचं पोर मात्र फरात नदी ओलांडताना तापाने गेलं. शिपायाने खड्डा खणून दिला आणि घटकाभर थांबलाही. मग म्हणाला, चला.

अश्शूरच्या राजाला नवी राजधानी हवी होती. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे आजवर नुसते गव्हाचे पट्टे होते, तिथे दूर-शर्रुकिन नावाचं शहर उठत होतं, आणि जग जिंकून आणलेली माणसं ते उठवत होती. समुद्राकाठचे सुतार, दक्षिणेचे चटयांसाठी बोरू चिरणारे, वाळवंटातले उंटवाले. एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. विटांच्या तळावरचा मुकादम रिबाते अस्सल अश्शूरी. पोट सुटलेला, घसा बसलेला, दिवसभर ओरडून ओरडून हैराण. पाणी म्हणावं तर माणसं भुसा आणत, भुसा म्हणावं तर साचे उचलत.

एके दिवशी त्याने पाहिलं, ही हमातची बाई आपल्या बोलीत दोन शब्द बोलते आणि दहा-बारा बायका हलतात. ही अरामी बोली बाजारांतून, काफिल्यांतून आधीच गावोगाव पोचलेली होती. कुणाला चार शब्द यायचे, कुणाला चाळीस.

"ए बाई, काय बोललीस तू त्यांना?"

"चिखल पातळ झालाय, भुसा टाका म्हटलं."

"तेच मी सकाळपासून बोंबलतोय!"

"तुमचं तोंड फार जड आहे, मुकादम. आमचं हलकं."

रिबाते हसला. तिची जीभ कापायला हवी होती खरं तर; पण त्याला घशाला आराम हवा होता. त्या दिवसापासून बाल्ताया बायकांच्या टोळीची मुकादमीण झाली. भाकरी दीडपट, शिवाय राहायला स्वतंत्र खोली. हळूहळू तळावर सगळे तिच्या बोलीत बोलू लागले. पुढे पुढे अश्शूरी शिपाईसुद्धा आपसात भांडताना अरामी शिव्या देत. बाल्तायाला ते ऐकून बरं वाटायचं. हमात राहिलं नाही, पण हमातचे शब्द इथे मालकाच्या तोंडी आहेत, असं तिला वाटायचं.

जब्दी वर्षातून एकदोनदा यायचा. आला की दोन दिवस झोपायचा, तिसऱ्या दिवशी प्यायचा, चौथ्या दिवशी निघायचा. मूल पुन्हा झालं नाही. कुठे गेला होतास, असं ती विचारायची नाही. कुठे गेला होता ते तिला तसंही कळायचंच. काही महिन्यांनी तिथलीच माणसं तळावर यायची.

मुसासिरची माणसं आली ती अशीच. उत्तरेच्या डोंगरातलं छोटं शहर, मोठं देऊळ असलेलं. स्वारांनी अवघड घाटांतून जाऊन ते अचानक गाठलं होतं. त्या लोकांची बोली तळावर एकालाही येत नव्हती. त्यांच्यात एक गरोदर बाई होती, शिनूना नावाची. उंच, रुंद खांद्यांची, डोळे वर न करणारी. बाल्तायाने तिच्या हातात चिखलाचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "माती." मग घागर दाखवली. "पाणी." मग साचा दाखवला. "उचल." शिनूनाने तिसऱ्या दिवशी पहिला शब्द उच्चारला तो "उचल." बाल्ताया तिला मांडीवरच्या पोरीसारखं एकेक शब्द भरवत गेली. चुकली तर चिडवायची, "अगं, गाढवाला नवरा म्हणालीस!" त्यावर शिनूना पहिल्यांदा हसली. "फरक काय?" म्हणाली, आणि सगळा तळ खदखदला.

शिनूनाला मुलगी झाली तीही बाल्तायाच्या हातावर. नवरा घाटातच मेला होता, प्रेतही सापडलं नव्हतं. पोरीचं नाव तारिया. शिनूना बाल्तायाला अक्का म्हणू लागली, आणि बाल्तायाच्या खोलीत त्या तिघींची एकच चूल झाल्यासारखी झाली. तारिया बोलू लागली ती अरामीच. आईची बोली कानावर पडायची ती फक्त अंगाईपुरती.

तारिया तीनेक वर्षांची असेल. सुगीच्या सणाला कामाला सुट्टी होती. जब्दी आला होता, त्याला नुकतंच चांदीचं कडं बक्षीस मिळालं होतं आणि तो खुशीत होता. अंगणात चटई टाकून जवाच्या दारूचं भांडं मधे ठेवलं होतं. शिनूना कोपऱ्यात कांदे चिरत बसली होती. एरवी जब्दी आला की ती आपल्या खोलीवरच राहायची, म्हणून त्याने तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तळावरची कुणीतरी बाई, एवढंच त्याने धरलं.

"कडं कुठलं, विचार की," तो बायकोला म्हणाला.

"नको," बाल्ताया म्हणाली.

"अगं, विचार तर! तीन वर्षं उशिरा दिलं, पण दिलं. मुसासिरचं आहे."

बाल्तायाने शिनूनाकडे पाहिलं. तिचा हात चिरता चिरता थांबला नव्हता. बाल्ताया घाईने उठली, "जब्दी, पुरे आता, भाकरी खाऊन घे," म्हणाली. पण तो रंगात आला होता. घाट सांगितला, घोड्यांना हाताने ओढत नेलं ते सांगितलं. देवळातल्या ढाली भिंतीवरून उपटताना कसा आवाज होत होता, ते तोंडाने करून दाखवलं.

"आणि एक म्हातारा. सगळे पळाले, हा पठ्ठ्या दारात उभा. हातात भाला. मला वाटलं, आता हा नेम धरतो. मी आधी वार केला."

"भाला नव्हता," शिनूना म्हणाली. अरामीत, हमातच्या हेलासकट, स्वच्छ.

जब्दीने मान वळवली. "काय?"

"काठी होती. झऱ्याजवळचं घर ना? दारात अक्रोडाचं झाड? आमच्या गावात आंधळा एकच होता. लोकर कातायचा. त्याला कुणी सांगितलंच नसेल, कोण आलंय. पोरांचा आवाज ऐकून बाहेर आला असेल."

अंगणात तारिया एकटीच बडबडत होती. जब्दीने भांडं खाली ठेवलं.

"ही कुठली?" त्याने बायकोला विचारलं.

"तू आणलेली," बाल्ताया म्हणाली.

तो शिनूनाकडे न बघता बोलू लागला, आणि त्याचा आवाज चढत गेला. "मग काय करू? पाय धरू तुझे? हमातमध्ये माझ्या भावाला ज्याने मारलं तो माझ्या शेजारी घोडा बांधतो. मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. एका ताटात जेवतो आम्ही. थंडीत त्याची घोंगडी मी घेतो, माझी तो घेतो. मला कुणी विचारलं होतं, जातोस का म्हणून?"

"मी कुठे काय म्हटलं?" शिनूना म्हणाली. "भाला म्हणालास. काठी होती, तेवढं सांगितलं."

तिने चिरलेले कांदे नीट गोळा करून परातीत ठेवले, पोरीला उचललं आणि गेली.

बाल्ताया दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीवर गेली. "शिनूना, मला ठाऊक होतं, पण..."

शिनूना आपल्या डोंगरी बोलीत काहीतरी म्हणाली. बाल्तायाला त्यातलं अक्षर कळलं नाही. इतक्या वर्षांत त्या बोलीतला एकही शब्द आपण विचारला नाही, हे तिथे उभ्या उभ्या तिच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून शिनूनाने अरामी बोलणं टाकलं. कामावर यायची, सांगितलेलं ऐकायची, मान डोलवायची. पोरीशीही डोंगरीच बोलायची. पोरगी खिदळायची. "आई कशी बोलते बघ ना गं, मावशी! बकरीसारखी!" ती धावत येऊन बाल्तायाला सांगायची. बाल्तायाने एकदा त्यावरून तिला चापट मारली, आणि मग आपल्याच दारात बसून रडली.

शहर पुरं होत आलं. राजाला घाई होती, म्हणून विटा नीट वाळूही न देता ओल्याच रचल्या गेल्या. बापाने असं काम कधी खपवून घेतलं नसतं, हे तिला माहीत होतं. तरी तिने टोळीचे हात चालू ठेवले. वेशींवर पंख असलेले दगडी बैल बसले. राजाच्या लोकांनी पाटीवर कोरलं, की चारी दिशांची भिन्न बोलींची माणसं आणून आम्ही त्यांना एका तोंडाची केली. रिबातेने ते बाल्तायाला कौतुकाने सांगितलं.

"तुझंच काम आहे हे अर्धं, बाई."

"माझं नाव आहे का त्यात?"

"कुणाचंच नाही. राजाचं आहे."

"मग राहू दे," ती म्हणाली.

वास्तुशांत झाली, बैल कापले गेले, तळावरच्या माणसांनाही मटण मिळालं. राजा त्या वाड्यात जेमतेम वर्षभर राहिला. पुढच्या उन्हाळ्यात तो वायव्येच्या डोंगरात लढायला गेला, तिथे छावणीवर हल्ला झाला आणि राजा मारला गेला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. ज्या राजाला मूठमाती नाही त्याचं शहर अपशकुनी, असं नव्या राजाने ठरवलं. दरबार निनवेला हलला. पुरोहित गेले, शिपाई गेले. ज्या दारांना देवदार आणायला माणसं मेली होती, ती दारं बिजागऱ्यांतून काढून गाड्यांवर चढवली. ओल्या भिंतींना तोवर नीट तडेही पडायला सुरुवात झाली नव्हती.

जब्दी त्याच छावणीत होता. परतलेल्या एका स्वाराने जब्दी गेल्याची बातमी आणली. तो दारात थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "माझी घोंगडी त्याच्याकडेच राहिली." दिराला मारणारा हाच तो, हे बाल्तायाने ओळखलं. तिने त्याला पाणी दिलं. बस मात्र म्हणाली नाही.

दुपारी शिनूना आली. कित्येक वर्षांत ती या उंबऱ्याशी आली नव्हती. उभ्यानेच तिने विचारलं, अरामीत, "सापडला?"

"नाही."

"आमचाही नाही," शिनूना म्हणाली.

बाल्तायाला वाटलं, आता ही बसेल. बसली असती तर आयुष्यभराचं काहीतरी मोकळं झालं असतं. पण ती पदराने हात पुसत परत गेली.

निनवेला नवा वाडा बांधायचा होता. चिखलाची सवय असलेली माणसं आधी नेली, शिनूना आणि तारियाही त्यांत. रस्ता थोडकाच, सकाळी निघून संध्याकाळी पोचण्याजोगा. यावेळी कुणी कुणाच्या चपला बघितल्या नाहीत. बाल्ताया तिथेही मुकादमीण झाली. दक्षिणेकडून, पश्चिमेकडून नव्या बायका आल्या; तिने त्यांच्याही हातात गोळा ठेवला आणि तेच शब्द शिकवले. आता ती कुणाला चिडवायची नाही. कुणी अक्का म्हणायला लागली तर दुसऱ्या टोळीत पाठवायची. एका नव्या बाईने एकदा विचारलं, "मावशी, ही बोली तुमची की राजाची?"

"आता राजाची," ती म्हणाली. "हात चालव."

बाल्ताया गेली तेव्हा तारिया लग्नाची झाली होती. मेलेल्या बाईला कुणी नातलग नाही म्हणून तारियानेच तिला न्हाऊ घातलं आणि ती हमातच्या पद्धतीने छाती पिटून रडली. तो आक्रोश इतका अस्सल होता, की पलीकडच्या ओळीतल्या एका हमातच्या म्हाताऱ्याने येऊन विचारलं, पोरी, तू कुठल्या आळीची?

शिनूना त्यानंतरही पुष्कळ जगली. तारियाची मुलं आजीला घाबरत, कारण ती काय म्हणते ते त्यांना कळत नसे. तिने एक बकरी पाळली होती. संध्याकाळी ती भिंतीला पाठ टेकून तिच्याशी बोलत बसायची, घाट, झरा, अक्रोड, जे काय आठवेल ते. येणारेजाणारे म्हणायचे, म्हातारीला चळ लागला.

निनवेचा वाडा मात्र फार देखणा झाला.