फॉर्ममधला आजीचा रकाना

मैत्रिणींनो, आत्ताच लेकीच्या शाळेतून आले. पालकसभेत एका कंपनीचा माणूस आला होता. मुलांच्या थुंकीतली जनुकं तपासून कोण किती हुशार निघेल ते सांगतो म्हणे!

मागून एक बाबा ओरडले, "अहो, यावर शास्त्रज्ञांचीच अजून भांडणं चाललीत की!" तो गडी नुसता हसला आणि फॉर्म वाटत सुटला.

फॉर्ममध्ये आजीच्या शिक्षणाचा रकाना होता. मी 'काही नाही' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप घेऊन ती बसायची आणि मी शेजारी मोठ्यानं धडा वाचायचे. तोच धडा दुसऱ्यांदा वाचताना मी कंटाळून एखादी ओळ गाळायचे. ती मान वर न करता म्हणायची, "एक ओळ गाळलीस की गं."

लई आठवण आली तिची. आज असती तर मी तिला हा फॉर्मही वाचून दाखवला असता. तेच म्हणाली असती, एक ओळ गाळलीय.

'तुला शाळेत जायचं होतं का?' ही ओळ त्या फॉर्ममध्ये कुठंच नाही.

मीही कधी विचारलं नाही. तुम्ही विचारलंय तुमच्या आईला?