वळकेवाडीची दुसरी विहीर

कोंडाजी मिस्त्रीबद्दल कुणी चार शब्द चांगले बोललं की मला बरं वाटत नाही, राग येतो. बोलणारे बहुतेक तेच असतात, ज्यांनी त्याचं पाणी तोडलं होतं. आता म्हणतात, माणूस मोठा होता. तो मोठा आहे हे तेव्हाही दिसत होतं, पण तेव्हा सगळे गप्प बसले. मीही गप्प बसलो. म्हणून हे लिहितो आहे, आणि माझ्यासकट कुणाचीही भीड धरणार नाही.

मी अनंत, मूळचा तळेगावचा. खेडोपाडी रस्ते, शाळा आणि विहिरी करणाऱ्या बोर्डाच्या लोणावळ्यातल्या कचेरीत मी कारकून होतो. कोंडाजी त्याच बोर्डाचा विहिरींचा मिस्त्री. विहीर कुठं घ्यायची, किती खणायची, सुरुंग कुठं लावायचा हे तो ठरवायचा, आणि ते कागदावर उतरवायचं काम माझं. त्याला सही करण्यापुरतंच लिहिता यायचं.

तो टाकव्याच्या पलीकडच्या वळकेवाडीचा, जातीनं मराठा, घरी थोडीफार भातखाचरं. तरणा असताना धरणाच्या कामावर गेला आणि सुरुंग लावायला तिथंच शिकला. त्या धरणाचं पाणी घाटाखाली सोडून मुंबईचे दिवे लागतात. दहा वर्षं दगड फोडून तो घरी परतला, तर आई खाटेवर पडलेली. तिच्या पायातून नारू बाहेर येत होता. दोऱ्यासारखा लांब किडा, काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटला की पाय सडतो. तिचा तुटला. ती पावसाळा बघू शकली नाही.

पुढं बोर्डाच्या डॉक्टरानं त्याला सांगितलं की नारू पायरीच्या विहिरीतून येतो. नारूवाला पाय पाण्यात बुडतो, तेच पाणी लोक पितात, आणि वर्षभरानं त्यांच्या पायातून नारू निघतो. त्या दिवसापासून कोंडाजीनं पायऱ्यांशी वैर धरलं. गावोगाव जाऊन पायऱ्या बुजवायच्या, भोवती कठडा बांधायचा, वर कप्पी लावायची, हेच त्याचं आयुष्य झालं. लोक शिव्या द्यायचे, तो दुप्पट द्यायचा. मावळातल्या सतरा गावांच्या पायऱ्या त्यानं बुजवल्या. अठरावं गाव त्याचं स्वतःचं होतं आणि तिथं मात्र तो हरला. वळकेवाडीच्या पायऱ्या दत्तोबा पाटलाच्या आजोबांनी बांधलेल्या. पाटील म्हणाला, आज्याचं नाव बुजवू देणार नाही. आजोबाचं नाव राहिलं आणि पाटलाच्या सुनेच्या पायात नारूही राहिला.

त्याच गावात ओढ्यापलीकडं तीस घरं होती. गाव त्याला महारवाडा म्हणायचं, आमच्या कागदांत 'अस्पृश्य वस्ती'. तिथल्या बायकांनी गावच्या विहिरीवर यायचं ते वरच्या पायरीपासून दहा हात लांब. घागर खाली ठेवायची, मागं सरायचं आणि वाट बघायची. कुणाला दया आली तर वरून ओतणार. कधी पहिल्या तासात, कधी दुपार टळल्यावर. नाहीतर ओढ्यातला खड्डा होताच, म्हशी बसायच्या तो. सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या असल्याचा सरकारी ठराव माझ्याच कपाटात होता. मी तो दर दिवाळीला झटकून परत ठेवत असे.

छत्तीस साली कोंडाजीनं या वस्तीसाठी वेगळ्या विहिरीची मंजुरी काढली. त्याआधी दोन वर्षं तो कचेरीच्या पायरीवर बसला तेव्हा ती मिळाली. खणायला वस्तीतलेच बाया-बापे आले. सुरुंग त्यानं लावले, दगड त्यांनी उपसले. त्यात बयाबाई म्हणून एक होती, नवरा नसलेली, चाळिशीची. ती सगळ्यांच्या आधी खाली उतरायची आणि शेवटी वर यायची. पाच परस, म्हणजे पाच माणसांच्या उंचीइतकं, खोल गेल्यावर काळ्या पाषाणात बोटभर चीर निघाली आणि तिच्यातून पाणी आलं.

प्रत्येक विहिरीचं पहिलं पाणी मिस्त्रीनं प्यायचं हा कोंडाजीचा नेम होता. आपण पिऊन दाखवल्याशिवाय दुसऱ्याला प्यायला सांगायचं नाही. इथंही त्यानं तांब्या भरला आणि सगळ्यांदेखत प्याला. संध्याकाळी घरी गेला तर बायको, धोंडाबाई, दारात हंडा घेऊन उभी. तिनं त्याला अंगणातच बसवून वरून पाणी ओतलं, कपडे बाहेरच ठेवायला लावले आणि मग आत घेतलं. पुढं तीन महिने रोज तेच. धोंडाबाई वाईट नव्हती. तिला जे शिकवलं होतं ते ती करत होती. आम्ही सगळे तेच करत होतो, आणि म्हणूनच मला तिच्यापेक्षा माझा जास्त राग येतो.

कठडा पुरा झाला आणि चावडीवर बोलावणं आलं. गावाचं म्हणणं असं, की दोन्ही विहिरींचा झरा एकच आहे. महारांनी तिकडं पोहरा सोडला की विटाळ जमिनीखालून गावच्या विहिरीत येतो. हे दाढीमिशीवाले बाप्ये गंभीर तोंडानं बोलत होते. नारूचा किडा पाण्यातून येतो यावर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांचा विटाळ पाषाणातून येतो यावर पूर्ण विश्वास होता.

कोंडाजीनं शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याऐवजी तो म्हणाला, दाखवून देतो. पटकीच्या साथीत विहिरीत टाकायचं लाल औषध त्याच्याकडं असायचं, पाणी गुलाबी करणारं. एरवी चमचाभर टाकतात, त्यानं दोन डबे नव्या विहिरीत रिकामे केले. बोर्डाचा साक्षीदार म्हणून मी हजर. आठ दिवस गावच्या विहिरीतून रोज सकाळी तांब्या भरून बघितला. पाणी स्वच्छ होतं, गुलाबीचा मागमूस नाही. नव्या विहिरीचा थेंबसुद्धा गावच्या विहिरीत जात नव्हता.

इथं थांबायचं होतं. पण तो कारागीर माणूस, अर्धं माप घेऊन त्याला झोप येत नसे. चैत्रात साथीच्या भीतीनं गावच्या विहिरीतही औषध टाकायचंच होतं. तिथंही त्यानं भरपूर टाकलं आणि तोवर पुन्हा नितळ झालेल्या नव्या विहिरीवर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी चिरेतून फिकट गुलाबी पाणी आलं. तो धावत चावडीवर आला. त्याला इतकं खूश झालेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"बगा," तो म्हणाला, "त्यांचं पानी तुमच्याकडं येत न्हाई. तुमचंच त्यांच्याकडं जातंय. आता कसला इटाळ?"

मला वाटलं, जिंकलो. मी तिथंच बसून पंचनामा लिहिला. नव्या विहिरीचे पाणी गावच्या विहिरीत जात नाही. गावच्या विहिरीचे पाणी नव्या विहिरीत जाते. अक्षर चांगलं आलं होतं, आणि कोंडाजीनं खाली सही केली.

दत्तोबा पाटलानं सुपारी कातरता कातरता विचारलं, "म्हंजे आमचं पानी त्ये चोरत्यात, आसंच ना, मिस्त्री?"

झालं. आठवड्यात बोर्डाकडं अर्ज गेला. त्यात विटाळाचा, जातीचा एक शब्द नव्हता. नव्या विहिरीमुळं गावच्या जुन्या सार्वजनिक विहिरीचं पाणी ओढलं जातं, सबब नवी विहीर बुजवावी, आणि पुरावा म्हणून बोर्डाच्याच मिस्त्रीची सही असलेला पंचनामा जोडला आहे. माझ्या पंचनाम्याचं पहिलं वाक्य त्यांनी सोडलं आणि दुसरं उचललं.

कोंडाजी मापाची काठी घेऊन कचेरीत आला. गावच्या विहिरीचं पाणी बोटभरही उतरलेलं नाही, चला, कुणीही येऊन मोजा, असं तो सांगत राहिला. आमचे ओव्हरसियर दिगंबरराव भले गृहस्थ. त्यांच्या लोणावळ्याच्या घरात नळ होता आणि बागेत जास्वंदीला दोन वेळा पाणी जायचं. ते म्हणाले, "कोंडाजी, हा जातीचा प्रश्नच नाही. तांत्रिक बाब आहे." मोजायला कुणी गेलं नाही. विहीर बुजवण्याचा हुकूम निघाला. तोही मीच लिहिला, त्याच चांगल्या अक्षरात.

आता बुजवायची कुणी? गावची असली कामं महारांनी करायची, तशी रीतच. पाटलानं तोच निरोप वस्तीत धाडला. हुकूम वाचून दाखवायला मी कोंडाजीबरोबर गेलो होतो. वस्ती कठड्याभोवती उभी होती. वाचून झाल्यावर बयाबाई कठड्यावर बसली आणि म्हणाली, "खनली आमी. बुजवायची आसंल तर त्येंनी बुजवावी. त्येंचे हात लावा म्हनावं हिला."

ती रागानं बोलली, पण नेमकं बोलली. गावातला एक माणूस त्या विहिरीला हात लावायला तयार होईना. कठड्याचे दगड महारांनी रचलेले, त्याला शिवायचं कसं? पाटलाचा गडी भिमाजी घमेलं घेऊन ओढ्यापर्यंत आला आणि पाण्याच्या अलीकडेच उभा राहिला. बोर्डानं टाकव्याहून मजूर धाडले. विहीर कुणाची ते कळल्यावर त्यांनी पहारी खाली ठेवल्या आणि परत गेले. ज्या विटाळानं विहीर बुजवायला काढली, तोच विटाळ तिच्या राखणीला बसला. मला हसू यायला हवं होतं, पण दात खावेसे वाटले. न्यायानं, ठरावानं, माणुसकीनं जी विहीर वाचली नाही ती या मूर्खपणानं वाचत होती.

तिला हात लावणारा सवर्ण एकच होता, तो म्हणजे कोंडाजी. बोर्डानं त्यालाच लेखी विचारलं, हुकमाची तामिली का नाही. त्यानं मला उत्तर सांगितलं, मी लिहिलं, 'माणसे मिळत नाहीत. बोर्डाने पाठवावीत.' दुसरं पत्र आलं, तेच उत्तर. तिसऱ्या पत्रात, स्वतः बुजवा किंवा नोकरी सोडा, असं होतं. तो म्हणाला, "ल्ह्या भाऊसाहेब. सतरा गावच्या पायऱ्या बुजवल्या, त्ये माजं काम. पानी बुजवनं माजं काम न्हाई." सोळा वर्षांची नोकरी तिथं संपली.

त्याला कामावरून काढल्याचा कागद आणि बोर्डाची अवजारं परत आणायचं काम माझ्याकडं आलं. ज्येष्ठ लागला होता, आभाळ भरलेलं पण पाऊस नव्हता. मी वळकेवाडीत पोचलो तेव्हा गावानं त्याच्यावर बहिष्कार घातला होता. चार दिवसांपूर्वी धोंडाबाई विहिरीच्या पायऱ्या उतरत असताना बायका आडव्या झाल्या होत्या. त्यात पाटलाची सूनही होती, पायाला फडकं बांधलेली. म्हणाल्या, तुमची इहीर तिकडं हाय. चार दिवस धोंडाबाईनं ओढ्याचं पाणी गाळून वापरलं. पाचव्या दिवशी, मी गेलो त्या सकाळी, ती घागर घेऊन ओढा ओलांडत होती. कोंडाजी चार पावलं मागं. मी त्याच्या मागून गेलो.

कठड्यावर वस्तीतल्या पाच-सहा बायका पाणी भरत होत्या. धोंडाबाई दहा हात लांब थांबली. घागर खाली ठेवली, मागं सरली आणि मान खाली घालून उभी राहिली. आयुष्यभर तिनं वरच्या पायरीवरून जे बघितलं होतं, ते हुबेहूब तसंच. पाणी मागायचं ते असं, एवढंच तिला माहीत होतं.

बयाबाईनं दोर हातात धरून तिच्याकडं बघितलं. तिनं काहीही म्हटलं असतं तर ते तिच्या हक्काचं होतं.

"घागर उचला, धोंडाबाई," ती म्हणाली. "हितं कुनी कुनाला वरनं वतत न्हाई. या, दोर धरा."

धोंडाबाई पुढं गेली. जन्मभर पायऱ्या उतरलेली बाई, कप्पीवरून दोर ओढायचा तिला ठाऊक नव्हता. पहिला पोहरा अर्ध्यावरून निसटला. दुसऱ्या वेळी बयाबाईनं तिच्या हातांच्या वर आपले हात धरले आणि दोघींनी मिळून ओढला. धोंडाबाईनं हात मागं घेतला नाही.

कोंडाजीनं मला बघितलं होतं. कागद कशाचा हे त्यानं विचारलं नाही, घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला. मग तांब्या भरून माझ्यापुढं धरला. चांगलं, नितळ पाणी. मी दोन कोस चालून आलो होतो आणि घसा कोरडा पडला होता.

"घ्या, भाऊसाहेब," तो म्हणाला.

ही विहीर मंजूर करून घेताना कागद मीच केले होते, ती वाचावी म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले होते. माझ्या खांद्याला घरून भरून आणलेला माझा फिरकीच्या झाकणाचा तांब्या होता. मी म्हणालो, नको, आहे माझ्याजवळ. त्यानं मान हलवली, तांब्यातलं पाणी स्वतः प्याला आणि बोर्डाच्या पहारी मोजून माझ्या स्वाधीन केल्या.