पहिला गेला तो पहिला उठतो

लोक माथेरानला जातात, महाबळेश्वरला जातात. मी मैदानं बघायला जाते. कबड्डीची. कॉलेजात डाव्या कोपऱ्यात खेळायचे. गुडघा गेला, पण खाज गेली नाही. त्यामुळे सापगावच्या दिलीपचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा फोन आला, तेव्हा मी अर्धी तयारी बोलता बोलताच केली.

"ताई, रविवारी धसईला फायनल हाय. आपलं कॉलेज खेळतंय. येतेस काय?"

"येते की."

"आधीच सांगतो, हरणार."

"मग बोलावतोस कशाला रे मेल्या?"

"कसं हरतात ते बघायला ये," म्हणाला आणि फोन ठेवला. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

शनिवारी सकाळी ठाण्याहून स्कूटर काढली. जाणाऱ्यांसाठी सांगते: नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत ट्रकवाल्यांच्या मागे मुकाट्याने चालायचं, शहाणपणा करायचा नाही. फेब्रुवारीत सकाळी धुकं असतं आणि धूळही असते, दोन्ही एकाच रंगाची. मफलर न्या. पडघ्याच्या पुढे हवा बदलते, कापलेल्या भाताची खाचरं दिसायला लागतात आणि बांधावर पळस पेटलेला असतो. शहापूरच्या बाजारात वडा-पाव खाल्ला. तेल ताजं होतं, चटणी झणझणीत, पैसे किरकोळ. मुंबईत त्या पैशात कोणी हसूनही बघत नाही.

दिलीप चहाच्या टपरीवर वाट बघत होता. सोबत एकनाथ, आसनगावच्या कारखान्यात कामाला, आणि कॉलेजच्या संघाचा एकही सामना न चुकवणारा. बाकाच्या टोकाला खांद्यावर टॉवेल टाकून एक काका बसले होते. चहा थंड झाला तरी त्यांनी पेला उचलला नव्हता. आल्या आल्या वाद माझ्या कानावर पडला, कारण दोघं भांडत होते ते अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं.

"या टीमकडनं अपेक्षा ठेवायची ती कशाची?" दिलीप म्हणत होता. "गेली दोन वर्षं फायनलला जातात आणि शेवटच्या चढाईत माती खातात. असा संघ काय कामाचा?"

"फायनलला जातात ना? तुझ्या शाळेची टीम तालुक्याच्या भायेर तरी गेली का?" एकनाथ.

"प्रशांत मेला तिथंच सगळं गेलं."

"मेला रे, पण अजून उठला नाय. तोवर काय बोलू नको."

ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खेळात गडी बाद झाला की तो 'मेला' म्हणतात. तो बाहेर जाऊन बसतो. आपल्या संघाने गुण घेतला की बाहेरचा एक जण 'उठतो', म्हणजे पुन्हा आत येतो. त्यात क्रम असतो. हे शब्द मी तीस वर्षं बोलतेय. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

टोकाचे काका हळूच माझ्याकडे वळले. "उठल ना गो तो?"

"उठणार की काका," मी ऐटीत सांगितलं. "गुण आला की उठेल. पहिला गेला तो पहिला उठतो. नियमच आहे."

काकांनी मान हलवली. एखाद्याने पत्ता नीट समजावून सांगावा आणि तो पटावा तशी. मग पेला तसाच ठेवून ते उठले आणि सापगावच्या दिशेने चालायला लागले. दिलीप माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला.

"काय झालं?"

"प्रशांतचे वडील ते. काशिनाथकाका," एकनाथ म्हणाला. "प्रशांत खरंच मेलाय, ताई."

मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

सापगावला जाताना रस्त्यात दिलीपने सगळं सांगितलं. प्रशांत कॉलेजचा सर्वात चांगला चढाईपटू. दम वाढवायला नदीच्या डोहात बुडी मारून बसायचा. श्वास न सोडता जितकं खाली राहता येईल तितकं. एके दिवशी सगळ्या संघासमोर बुडी मारली आणि वर आलाच नाही. पाणबुडे आले, गळ टाकले, काही सापडलं नाही. काशिनाथकाका काठावरून हलेनात, अन्नाला शिवेनात. तेव्हा कर्णधार विकी, प्रशांतचा जिवलग, त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "काका, घरी चला. आमी चषक आणतो. पहिला गेलाय ना तो, मग पहिला प्रशांतच उठल."

"पोर होतं ते. माणसाला जेवायला उठवायचं म्हणून बोललं," दिलीप म्हणाला. "पण काकांनी शब्द धरून ठेवला. दोन वर्षं झाली. बॉडी नाय सापडली की पळसाच्या पानांचा माणूस करून जाळतात, सगळे विधी करतात. ते करूच दिलं नाय त्यांनी. म्हणतात, दम मोडल्याशिवाय गडी बाद कसा?"

मी स्कूटर बाजूला घेतली. मला पाणी प्यायचं होतं.

"म्हणून हरतात का रे?"

"चषक आला आणि तो नाय उठला, तर काका काय करतील? विकीला ती भीती हाय. दोनदा मुद्दाम रेषेबाहेर पाय टाकला त्याने. मी डोळ्यांनी बघितलंय. एकनाथ म्हणतो, माणुसकी. मी म्हणतो, असं किती वर्षं? यंदा विकीचं शेवटचं वर्ष. त्याच्या मागनं येणाऱ्या पोरांना प्रशांत कोण, ठाऊक पण नसणार."

मावशीकडे तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. एरवी मी दोन भाकऱ्या सहज हाणते. त्या दिवशी अर्धी तशीच ठेवली.

संध्याकाळी नदीवर गेले. जाऊ नका म्हणत नाही. जागा देखणी आहे, काठाला करंज, पाणी हिरवंगार. पण डोहाच्या कडेला एक विचित्र गोष्ट जाणवली. दुसरीकडे पाणी वाहताना आवाज येतो, इथे येत नाही. काठावर काशिनाथकाका उकिडवे बसले होते, पाण्याकडे तोंड करून, आणि पुटपुटत होते, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." श्वास संपला की थांबायचे, कान द्यायचे, मग पुन्हा. ते कशाला कान देत होते ते मी विचारलं नाही. मागच्या मागे फिरले.

रविवारी धसईला. सापगाव, किन्हवली, सरळगाव असा रस्ता. सरळगावपर्यंत बरा, पुढे मधे मधे खड्डे आणि अचानक म्हशी. गुगलवर विसंबू नका, वळणावर माणसं असतात, त्यांना विचारा. धसईच्या बाजारात मेथी, वालाच्या शेंगा, तांदळाच्या गोणी. मी पाच किलो कोलम घेतला, मुंबईपेक्षा स्वस्त आणि वासाचा. मैदान गावाबाहेर, भात कापलेल्या खाचरात माती चोपून केलेलं. मागे डोंगर. तिकीट नाही, बसायला जाजम, बायकांसाठी एक बाजू राखलेली.

सामने सुरू झाले तेव्हा ऊन होतं आणि मजा येत होती. चढाई करणाऱ्याचा "कबड्डी, कबड्डी" डोंगरावर आपटून थोडा उशिरा परत यायचा. इकडे गडी मध्यरेषेवर पोचून गप्प व्हायचा आणि तिकडे डोंगरात कोणीतरी अजून दम धरून बोलतच असायचा. शेजारच्या बाईंना म्हटलं, "छान घुमतं हो इथे."

"आदी नवतं," त्या म्हणाल्या. "ही पोरं खेळाया लागली की घुमतं. बाकीच्यांचं नाय घुमत."

मग मी नीट ऐकलं. समोरच्या संघाचा गडी बोलत गेला आणि आला. डोंगर गप्प. वाऱ्याची दिशा असेल, असं मी स्वतःला समजावलं. आणखी एक गोष्ट दिसली. कॉलेजचे बाद झालेले गडी रांगेत बसायचे तिथे पहिली जागा मोकळी होती. पोरं न बघता तेवढं अंतर सोडून बसत होती, घरात म्हातारं माणूस झोपलेलं असलं की आपण पाय आवरतो तशी. काशिनाथकाका त्या जागेच्या मागे, टॉवेल घेऊन.

अंतिम सामना तिन्हीसांजेपर्यंत चालला. दिलीप आणि एकनाथ माझ्या मागे उभे राहून परत तेच भांडत होते, पण आता कुजबुजत.

"या पोरांनी जिंकायलाच पायजे. सुटू दे एकदाचं."

"आणि म्हाताऱ्याला काय झालं तर? तू बघणार हायस त्याला?"

शेवटची चढाई. कॉलेज एका गुणाने मागे. समोर तीन गडी. विकीच जाणार होता. त्यांच्या सरांनी टाइमआउट मागितला, विकी पाणी प्यायला रांगेशी आला. मी पलीकडेच होते, म्हणून ऐकू आलं. काकांनी टॉवेल पुढे केला.

"विकी, यंदा पाय भायेर टाकू नको."

विकीने टॉवेल घेतला. "काका..."

"मला काय समजत नाय? बाप हाय मी त्याचा." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मी वाट बघत बसलो म्हणून तुमी हरत बसलात. तुमी हरताय म्हणून मी वाट बघतोय. आणि तो तिकडं दम धरून हाय. किती धरल रे पोर?" मग माझ्याकडे बोट केलं. "ती बाय बोलली, पहिला गेला तो पहिला उठतो. नियम हाय. मग त्याला उठू दे. मी हाय ना इथं."

विकीने टॉवेल तोंडावर दाबून धरला. पंचांनी शिट्टी मारली तेव्हा तो तसाच आत गेला, डोळे पुसत.

दिवे अजून लावले नव्हते. अंधुक उजेडात तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि तिघांपैकी एकाने घोट्याला हात घातला. विकी पडला. पडता पडता त्याने दुसऱ्याच्या खांद्याला हात लावला आणि पोटावर सरपटत, दम न सोडता, दोघांना ओढत मध्यरेषेकडे आला. डोंगरातून त्याचाच आवाज येत होता, पण आता उशिरा नाही. त्याच्याबरोबरच. बोटं रेषेला लागली. दोन गुण. सामना कॉलेजचा.

कोणी टाळी वाजवली नाही. अख्खं मैदान गुणफलकाकडे नाही, त्या मोकळ्या जागेकडे बघत होतं. विकी मातीत पडल्या पडल्या तिकडेच बघत होता. शिट्टी होऊन त्याचं तोंड बंद झालं होतं, आणि डोंगरातलं "कबड्डी, कबड्डी" थांबत नव्हतं.

काशिनाथकाका पुढे आले. त्या मोकळ्या जागेच्या शेजारी मांडी घालून बसले आणि जमिनीवर हात ठेवला, झोपलेल्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

"झालं बाळा," ते म्हणाले. "जिंकले तुजे. आता दम सोड."

आवाज थांबला. मग एक लांब श्वास ऐकू आला. आमचा सगळ्यांचाच असेल. आम्हीही कधीपासून धरून बसलो होतो. काकांनी खाली वाकून तोंड टॉवेलात घातलं आणि मोठ्याने रडायला लागले, दोन वर्षांत पहिल्यांदा, असं दिलीप म्हणाला. विकी त्यांच्यापाशी गेला आणि त्यांना मिठी मारून बसला. खूप उशिरा कोणीतरी ढोल वाजवला. पोरं ओरडली, फटाके फुटले. डोंगरातून काही म्हणजे काही परत आलं नाही. एकनाथ माझ्या मागे रडत होता, आणि दिलीप, वाद जिंकलेला माणूस, त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा होता.

सोमवारी सकाळी निघताना सापगावच्या पुलावर स्कूटर थांबवली. काठावर माणसं जमली होती. वाळूवर पळसाच्या पानांचा माणूस निजवला होता, हातपाय नीट केलेले, आणि त्याच्यावर कॉलेजची जर्सी घातलेली. काशिनाथकाकांचं डोकं भादरून झालं होतं. न्हाव्यापुढे आता विकी बसला होता. डोह वाहत होता. खळखळ पुलापर्यंत ऐकू येत होती. मी उतरले नाही. ते माझं ठिकाण नव्हतं.

दुपारी घरी पोचले. नवऱ्याने कोलमची पिशवी उचलून घेतली आणि विचारलं, "काय, झाल्या का अपेक्षा पूर्ण तुमच्या कॉलेजकडून?" मी नुसती मान हलवली. कोणाच्या अपेक्षा, ते त्याला नीट सांगायला संध्याकाळ झाली. तेव्हा खाली सोसायटीच्या आवारात पोरं खेळत होती. "मेला, मेला!" कोणीतरी ओरडलं, आणि एक बारकं पोर मान खाली घालून भिंतीशी जाऊन बसलं. हातात चहा घेऊन मी खिडकीत उभी होते. चहा निवला. ते पोर उठून परत आत जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.