चपलांशेजारची रायफल

"अगं, तुमच्यात हे नसतं ना? मग कशाला उगाच."

काकू हसत म्हणाल्या. अगदी गोड. हातात कुंकवाची कोयरी. समोर लांब टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर रायफली आणि पिस्तुलं ओळीने मांडलेली. दसऱ्याची शस्त्रपूजा. आमच्या शूटिंग क्लबात ती दरवर्षी होते. काकू म्हणजे क्लबच्या अध्यक्षांची बायको. ओळीतली शेवटची रायफल मी आणून ठेवली होती. एकेका रायफलीला कुंकू लावत काकूंचा हात पुढे आला आणि माझ्या रायफलीपाशी थांबला.

मग त्या शिपायाला म्हणाल्या, "ही तिकडे ठेवा."

तिकडे म्हणजे दाराशी. दाराशी चपलांचं रॅक. वरच्या फळीवर जागा होती. शिपायाने माझ्याकडे बघितलं नाही. रायफल उचलली, तिथे आडवी ठेवली. नळीचं तोंड कुणाच्या तरी कोल्हापुरीला टेकलं. आदल्या संध्याकाळी त्याच नळीतून तेलाचं फडकं ओढून ओढून मी ती लख्ख केली होती.

हॉल भरलेला होता. नारळ फुटला. आरती झाली. मी टाळ्या वाजवत होते की नाही ते आठवत नाही.

मला पूजा करायचीच नव्हती. मी बौद्ध घरातली. आमच्यासाठी तो दिवस धम्मदीक्षेचा. सकाळी विहारात वंदना करून, अंगावरच्या पांढऱ्या ड्रेसवरच मी नाशिकरोडहून रेंजवर आले होते. पण क्लबच्या ग्रुपवर मेसेज होता, सर्वांनी आपापली रायफल साफ करून टेबलावर लावावी. मी लावली. पूजेच्या वेळी मी बाजूला उभी राहणार होते. कुंकू नको, हे मी म्हणणार होते. तो माझा हक्क होता. तो नकार त्यांनी माझ्या तोंडातून काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडाने उच्चारून माझ्या तोंडावर मारला.

आणि रायफल कुठे माझी होती? ती क्लबची. आदल्या दसऱ्याला तीच रायफल त्याच टेबलावर होती. कुंकू लावलेली, झेंडूचं फूल वाहिलेली. तेव्हा ती काकूंची मुलगी सानिका वापरायची. मग सानिकाला परदेशी रायफल आली आणि जुनी माझ्या हातात पडली. लोखंड तेच, लाकूड तेच. हात बदलला, म्हणून ती चपलांपाशी गेली. आता म्हणा, की रीत तेवढी पाळली, मनात काही नव्हतं.

आरतीनंतर काकू आपट्याची पानं वाटत आल्या. माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "तुला चालेल ना गं?" मागे कुणीतरी हसलं. मी हात पुढे केला. पान घेतलं.

"सोन्यासारखी राहा," त्या म्हणाल्या.

चपलांच्या रॅकवर सोन्यासारखं कसं राहायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

नाशिकला हल्ली नेमबाजीचं भलतंच वेड आहे. कुठेतरी एक पदक येतं आणि गंगापूर रोडवर चार रेंज उघडतात. मंगल कार्यालयाच्या तळघरात रेंज, शाळेच्या गच्चीवर पत्रे ठोकून रेंज. कालपर्यंत ज्या पोरांना स्केटिंगला आणि अबॅकसला नेऊन सोडत होते, त्यांना आता नेमबाजीला नेऊन सोडतात. डॉक्टरांची मुलं, बिल्डरांची मुलं, द्राक्षबागायतदारांची मुलं. बाहेर गाड्यांची रांग, आत आया पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या. सगळे एकमेकांना ओळखतात. "आपला क्लब म्हणजे एक फॅमिली," असं अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगतात. खरंच आहे ते. फॅमिलीच आहे. मी त्यांच्याकडे कामाला यावं तशी गेले होते, हे मला फार उशिरा कळलं.

मी कॉलेजच्या छात्रसेनेतून आले. तिथे पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि मला एक जागा सापडली, जिथे मी आणि समोरचं काळं वर्तुळ सोडून तिसरं कुणी नसतं. आडनाव नसतं. छात्रसेनेच्या मॅडमनी मला या क्लबात पाठवलं. क्लबने मला घेतलं, पण 'होतकरू' म्हणून. फी मी इतरांएवढीच भरत होते, तरी होतकरूच. माझं स्वतःचं शूटिंगचं जॅकेट नव्हतं. ते जाड कॅनव्हासचं असतं, अंगात घातलं की पाठ हलत नाही. आमच्या खेळात मोठ्यांची जुनी जॅकेटं लहान खेळाडू नेहमीच घेतात, त्यात कमीपणा नसतो. सानिकाचं जुनं मला मिळालं. बाकीच्यांना जॅकेट मिळतं तेव्हा चेंजिंग रूममध्ये मिळतं. मला मिळालं तेव्हा फोटोग्राफर होता. अध्यक्ष, काकू, मधे मी, आणि मागे बॅनर: गरजू खेळाडूस साहित्य वाटप. मी त्या फोटोत हसले आहे.

त्या दसऱ्याला घरी गेले तर आई दारातच लसूण सोलत बसली होती. आई अंबडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. माहेर सिन्नरकडचं, बोलणं अजून तिकडचंच. तिने चेहरा बघितला आणि विचारलं. मी सांगितलं. सांगताना आवाज चिरकला, त्याचीही मला लाज वाटली.

"आन मंग तू काय केलं?"

"काही नाही."

"रायफल तिथंच ऱ्हाऊ दिली?"

"हो."

ती लसूण सोलत राहिली. मला वाटलं, आता जवळ घेईल. नाही घेतलं.

"त्यांनी तुला तिथं ठिवलं," ती म्हणाली, "आन तू तिथं ऱ्हायली."

एवढंच. आत गेली, फोडणी टाकली. मी उंबऱ्यावर बसून होते. तोवर मला लाज वाटत होती. राग त्यानंतर आला. पहिला राग स्वतःचा आला नाही, काकूंचाही नाही. राग आला तो त्या गोडपणाचा. कुणी शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती, वस्तीत वाढलेय मी. पण 'तुमच्यात नसतं ना' याला काय उत्तर द्यायचं? त्यात शिवी सापडत नाही, आणि सगळी शिवीच असते.

मी क्लब सोडला नाही. सगळ्यात आधी येऊ लागले, शेवटी जाऊ लागले. बोलणं कमी केलं. सर, म्हणजे आमचे कोच, म्हणायचे, "एकदम सुधारलीस गं." मी सुधारले नव्हते. मला संताप आला होता, आणि रायफल हातात असताना संताप आला की श्वास रोखून धरावा लागतो. ते मी शिकले.

उन्हाळ्यात जिल्ह्याची निवड चाचणी आमच्याच रेंजवर झाली. मुलींच्या संघातली शेवटची जागा सानिकाला मिळणार की मला, एवढाच प्रश्न उरला होता. संघात आलं की राज्याच्या स्पर्धेला जायचं. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते सांगायला लागले तर थांबणार नाही.

आमच्याकडे अजून कागदी कार्डं आहेत. कार्ड तारेवरून दहा मीटर लांब जातं, एका कार्डावर एकच गोळी मारायची, बटण दाबलं की कार्ड परत येतं. मी पाच नंबरच्या लेनवर, सानिका सहावर. शेवट जवळ आला होता. मी गोळी सोडली, बटण दाबलं, कार्ड आलं.

कार्डावर दोन भोकं.

एक थेट मध्यात, दहा गुणांचं. दुसरं काळ्या वर्तुळाच्या कडेला.

ही चूक आमच्या खेळात मोठमोठ्यांकडून होते. डोळा दमला की शेजारचं वर्तुळ आपलंच वाटतं आणि गोळी दुसऱ्याच्या कार्डावर जाते. लाजण्यासारखं त्यात काही नाही. नियम साधा आहे. ज्याने दुसऱ्याच्या कार्डावर मारली त्याला त्या गोळीचं शून्य. ज्याच्या कार्डावर आली त्याला, कुठली गोळी कुणाची ते कळत नसेल, तर दोन्हीतली जास्त गुणांची. चूक झाली की हात वर करायचा आणि सांगायचं. बस.

सानिकाचं कार्ड परत आलं. कोरं. तिने ते बघितलं. मी तिला बघताना बघितलं. तिने हात वर केला नाही. तिने ते कोरं कार्ड गुपचूप परत पाठवून दिलं.

हात मी वर केला.

पंच बाई धुळ्याहून आलेल्या होत्या, त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या पोचायच्या आत सर माझ्या मागे येऊन वाकले. आवाज दबका.

"दोन्ही तुझ्याच म्हण. गडबडीत दोनदा लोड केली म्हण. नवीन आहेस, चालून जाईल."

मी म्हटलं, "सर, सहा नंबरचं कार्ड कोरं होतं."

"तेच सांगतोय. तू दोन्ही घेतल्यास तर तिने अजून मारलेलीच नाही असं होईल. तुला थोडा दंड बसेल. पुढच्या वर्षी आहेच की तू." मग अगदी मायेने, "क्लबने तुमच्यासाठी किती केलंय. एवढं कर."

तुमच्यासाठी. मी तिथे एकटी उभी होते. अंगात सानिकाचं जुनं जॅकेट, आतल्या बाजूला पेनाने लिहिलेलं तिचं नाव माझ्या छातीला लागलेलं. तरीही मी एकटी नव्हते त्यांच्या लेखी. मी 'तुम्ही' होते. चपलांच्या रॅकवर ठेवायचं ते 'तुम्ही', फोटोत उभं करायचं ते 'तुम्ही', आणि आता त्यांच्या मुलीची गोळी अंगावर घ्यायची तेही 'तुम्हीच'.

पंच बाई आल्या. "काय झालं?"

सर म्हणाले, "मॅडम, ही जरा गोंधळलीय."

मला आईचा आवाज ऐकू आला वगैरे काही नाही. मी मुद्दाम मोठ्याने बोलले, शेवटच्या लेनपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"मी गोंधळलेली नाही. एक गोळी माझी आहे. दुसरी सहा नंबरची आहे. तिचं कार्ड कोरं आलं होतं, तिने ते परत पाठवलं. तिला विचारा."

बाईंनी सानिकाला विचारलं. सानिका भिंतीकडे बघत राहिली. मग रडायला लागली. बाईंनी नियमाने जे करायचं ते केलं. तिला शून्य, मला दहा. जागा मला मिळाली.

कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्ष पार्किंगमध्ये भेटले. गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाले, "पोरीची एक गोळी चुकली, त्याचं एवढं? खेळ सगळेच खेळतात. माणसाला जाण पाहिजे."

जाण. त्यांची मुलगी खोटं वागली, कोच खोटं बोलले, आणि जाण मला नाही.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "रायफल सध्या मिळणार नाही. दुरुस्तीला चाललीय." ती कुठेही गेलेली नाही. ऑफिसच्या काचेच्या कपाटात उभी आहे, मला रोज दिसते. राज्याची स्पर्धा तोंडावर आली आहे, आणि संघात नाव असलेल्या माझ्या हातात रायफल नाही. ती कुठून आणायची ते मला अजून माहीत नाही. जिथे मागायची तिथे मागेन. या लोकांकडे मागणार नाही.

जॅकेटही परत केलं. ते कडक असतं, त्याची घडी होत नाही. शस्त्रपूजेच्या त्याच लांब टेबलावर ठेवून आले. या वेळी फोटोग्राफर नव्हता.

सगळ्यांना वाटलं, गेली.

वर्षाची फी माझी भरलेली आहे. मी रोज सकाळी जाते. पाच नंबरच्या लेनवर उभी राहते. नवशिक्यांना पहिले काही महिने गोळी मारू देत नाहीत, नुसतं नेम धरून उभं राहायला लावतात. मी तशी उभी राहते. डावं कोपर कमरेच्या हाडावर, मूठ हनुवटीखाली, मुठीत काही नाही. समोर कोरं कार्ड. तासभर. बाकीच्यांच्या गोळ्या आजूबाजूने सुटत असतात. बाकावरच्या आया कुजबुजतात. सरांनी एकदा विचारलं, "हे काय नाटक आहे?" मी मान वळवली नाही. नेम धरताना मान वळवायची नसते, त्यांनीच शिकवलंय.

आई म्हणाली, "रायफल नाय, मंग जाती कशाला?"

"उभी राहायला."

ती म्हणाली, "डबा घिऊन जा."

दसरा येतोय. ग्रुपवर मेसेज येईल. झेंडूची तोरणं लागतील, चादर पसरली जाईल, दाराशी चपलांचं रॅक असेलच. मी विहारातून येणार आहे, पांढऱ्या कपड्यांतच. टेबलापाशी येणार नाही. तुमच्या पूजेशी मला देणंघेणं नाही, ती खुशाल करा. मी पाच नंबरच्या लेनवर उभी असेन, तुमच्या आरतीकडे पाठ करून. तिथून मी हलणार नाही. शिपायाला सांगून रायफल हलवता आली, मला तसं हलवता येणार नाही. हाताला धरून ओढावं लागेल, आणि ते तुम्हाला स्वतः करावं लागेल, काकू, भरल्या हॉलसमोर.

तुमच्यात हे असतं की नसतं, ते त्या दिवशी सगळ्यांनाच कळू दे.